तीन वितींची काठी

अण्णा, तुझं घोरणं थांबलं म्हणून वैनी बाहेर आली.

दुसऱ्या घरांत माणूस घोरायला लागला की बाकीचे वैतागतात. आपल्याकडे तू घोरत असलास की सगळे निर्धास्त असायचे. त्या दिवशी जेवून तू पडवीच्या खांबाला टेकला होतास, पाय पसरून, टॉवेल मांडीवर टाकून. आत भांडी घासणाऱ्या वैनीला एकदम वाटलं, काहीतरी बंद पडलंय. ती राखेच्या हातांनीच बाहेर आली. फोनवर तिनं मला तू गेल्याचं सांगितलंच नाही. "वन्सं, ह्यांचा आवाज येईना झालाय," एवढंच म्हणाली, आणि मी जोयड्याच्या माझ्या खोलीत उभी होते ती खाली बसले.

काल तुझं बारावं झालं. पाहुणे आज सकाळच्या जीपने गेले. मी त्याच खांबाशी बसून लिहितेय आणि मला भीती वाटतेय. रडू येतं आणि ओसरतं, भीती मात्र जागची हलत नाही. ती तुझ्या जाण्याबरोबर आलेली नाही. तिला दहा वर्षं झाली. तू होतास तोवर ती तुला सांगायची छाती झाली नाही. आता सांगते, कारण आता तू "टीचरबाई भ्याली बघा" म्हणून गावभर करू शकत नाहीस.

काठीपासूनच सुरू करते. आपल्या घरची रीत तुला मी काय सांगणार, पण लिहायला बसलं की सांगावीच लागते. मिरगाच्या आधी काटेकणंग आणि बाकीचे कंद लावायचे, तर दोन आळ्यांमध्ये अंतर घरधन्याच्या तीन विती. दुसऱ्या कुणाची वीत चालत नाही. घरधन्याच्या हाताच्या मापाने चिवाच्या बांबूची काठी कापायची, तीन विती बरोबर, मध्ये दोन बारीक खुणा. दर वर्षी लावणीच्या सकाळी त्यानं काठीवर तीनदा हात टाकून ती जुळवून बघायची आणि मगच कुदळ मारायची. एरवी काठी चुलीवर टांगलेल्या मांडवीत, धुरात ठेवायची. ती जाळायची नाही, मोडायची नाही. धनी गेला की त्याच्याबरोबर चितेवर जाते. बाबांची तशीच गेली. मग तुझी कापली, तू तेवीस वर्षांचा होतास, आणि काठी कापताना तुझ्या ओठावर नीट मिशीही नव्हती म्हणून बुधो मामानं तुला "बारका धनी" म्हटलेलं तुला फार लागलं होतं.

सात वर्षं काठी जुळली. आठव्या वर्षी जुळली नाही.

मला ती सकाळ जशीच्या तशी आठवते. तू उकिडवा बसून हात टाकलास, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या वितीला तुझी करंगळी काठीच्या टोकाबाहेर जाऊन मातीत टेकली. चांगली दोन बोटं बाहेर. तू परत मापलंस. तुझी दिव्या तेव्हा तीन वर्षांची, तिला वाटलं खेळ चाललाय, ती हसायला लागली. शेजारचा बुधो मामा गावातला जुना जाणता, तो बांधावरून म्हणाला, "काठी वाळलीय रे. धुरात वाळणारच. नवी काप." सगळ्यांना पटलं. तुलाही पटलं. मीच काठी कापून आणली, तुझ्या नव्या हाताच्या मापाची.

अण्णा, मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. लाकूड वाळलं तर जाडीत आटतं, लांबीत आटत नाही, हे मला माहीत होतं. बांबूचंही तेच. वर्गात ते मी एकदा पट्टी लावून दाखवलंसुद्धा होतं. काठी आखूड झाली नव्हती. तिशीतल्या माणसाचा हात वाढला होता, आणि तिशीत हात वाढत नसतात.

मी गप्प बसले. नवी काठी तुझ्या हातात दिली आणि जुनी माळ्यावर नेऊन फुटक्या टोपल्यांच्या मागे सरकवली. ती दिसत राहिली असती तर कुणीतरी कधीतरी दोन्ही शेजारी धरल्या असत्या. ते कुणी करू नये असं मला वाटलं. का वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. आपल्याकडे रानात शिरलं की वाघाला वाघ म्हणत नाहीत, "थोरला" म्हणतात, नाव घेतलं की तो येतो म्हणून. मी बी.एस्सी. झालेली बाई, तरी माझ्या पोटात तेच बसलेलं होतं. बाबा हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. नाव घेतलं नाही तर तुझं काही होणार नाही, असा माझा हिशेब.

पुढे दर वर्षी काहीतरी व्हायचं आणि दर वर्षी गावाला त्याचं कौतुक. तुझी लग्नातली अंगठी रामनगरच्या सोनारानं करवतीनं कापून काढली, तेव्हा वैनी लाजून म्हणाली की हातची भाकरी अंगी लागली. तुझ्या मापाच्या चपला लोंढ्यात मिळेनात, हुबळीहून मागवाव्या लागल्या. दातांत फटी पडल्या, जबडा पुढं आला, नाक रुंद झालं. आणि आवाज. डोंगराच्या या अंगाहून त्या अंगाला आपण कुकारा घालतो, तुझा कुकारा आधी ओढ्यापर्यंत जायचा, तो आता पलीकडच्या वाडीत ऐकू जायला लागला. शिगम्याला देवाची काठी तुझ्याच खांद्यावर द्यायची असं गावानं ठरवून टाकलं. एवढा दणकट गडी पंचक्रोशीत नाही म्हणायचे. त्या दणकट गड्याचे गुडघे किती दुखायचे आणि खांद्याला तेल कोण चोळायचं, ते वैनीला आणि मला ठाऊक.

दहावीच्या पुस्तकात ग्रंथींचा धडा आहे. डोक्याच्या तळाशी, वाटाण्याएवढी, पीयूषिका ग्रंथी. तिथून वाढीचं संप्रेरक सुटतं. लहानपणी जास्त सुटलं तर माणूस उंच होतो. मोठेपणी सुटलं तर उंची वाढत नाही, हात, पाय, जबडा वाढतात. हे मी दर वर्षी कन्नडमध्ये शिकवत होते, फळ्यावर चित्र काढून. एका वर्षी आपल्याच गावची एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, "टीचर, तुमच्या अण्णांसारखं?" वर्ग हसला. मी तिला म्हटलं, मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये, खाली बस. ती बसली. मी पुढचा भाग शिकवायला घेतला, थायरॉईडचा. माझ्या हातातला खडू मोडला होता ते मला तास संपल्यावर कळलं. त्या पोरीला मी अजून सांगितलेलं नाही की तिचं उत्तर बरोबर होतं.

अण्णा, त्या दिवशी मी घरी येऊन तुला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर तीन वर्षं आधी कळलं असतं. तीन वर्षं.

मग गव्याची दुपार आली. आपण दोघं कॅसलरॉकच्या स्टेशनावरून घरी चालत येत होतो. तू वाटेच्या मध्ये, मी तुझ्या डाव्या हाताला, थोडी मागे. तू बोलत होतास, यंदा माडीचे कंद लावू की नको असं काहीतरी. वाटेला लागून डाव्या बाजूला गवा उभा होता. दहा पावलांवर. एकटा, म्हातारा, म्हणजे सगळ्यात वाईट. माझे पाय जागीच राहिले. तू चालत राहिलास. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. लहानपणी रानात पान हललं तरी मला थांबवणारा माणूस गव्याच्या अंगावरून बोलत बोलत पुढे गेला, आणि मला ओरडता येईना. गव्यानं नाकानं आवाज केला आणि तो रानात वळला. तू तेव्हा थांबलास आणि विचारलंस, "काय व्हतं गो?"

मी तुझ्यासमोर उभी राहिले, दोन्ही हात पसरून बोटं हलवली आणि विचारलं, किती दिसतात. तू म्हणालास, कुठली बोटं? डोळ्याच्या दोन्ही कडा गेल्या होत्या, बोगद्यातून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसत होतं. ते तू कुणाला सांगितलं नव्हतंस. मी काठीचं सांगितलं नाही, तू डोळ्यांचं सांगितलं नाहीस. एकाच आईची लेकरं आपण.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी तुझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि फोटो काढायच्या आधीच त्यांना कळलं. नंतर फोटोत ती दिसली, वाटाण्याच्या जागी लिंबाएवढी गाठ, डोळ्यांच्या नसांवर दाब देऊन बसलेली. हे कधी सुरू झालं असं त्यांनी विचारलं. जुना फोटो एकच, लग्नातला. तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, शेवंते, ती पयली काठी कुठं हाय गो? त्यावरनं वर्स सांगता येईल.

मी म्हटलं, "चुलीत घातली."

तू नुसता बघत राहिलास. जित्या धन्याची काठी आपल्या घरची पोर चुलीत घालेल हे तुला पटणं शक्य नव्हतं. पण तू मॅडमकडे वळलास. त्यांना सांगितलंस, सात-आठ वर्सं झाली असतील. तू नजर काढून घेतलीस ती माझी लाज राखायला, हे मला तेव्हाही कळलं होतं.

नाकातून ऑपरेशन झालं. डोळे बऱ्यापैकी परत आले आणि तू पट्टी काढल्यावर पहिलं काय केलंस, तर डावीकडच्या कॉटवरच्या माणसाला "नमस्कार" घातलास, दिसतोय म्हणून. गाठ सगळी निघाली नव्हती, थोडी शिरेला चिकटून राहिली होती. काढलेला तुकडा तपासून आला आणि मॅडमनी आपल्याला समोर बसवून समजावलं.

शरीरात वाढीला "पुरे" म्हणणारंही एक संप्रेरक असतं, त्या म्हणाल्या. ते जाऊन पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं, आणि मग पेशी थांबते. महिन्याचं जे इंजेक्शन देतात ते त्याच निरोपाचं, फक्त जास्त टिकणारं. पण तुमच्या गाठीवर ते ग्राही फारच थोडे आहेत. तू मान हलवत होतास. मी तुला मराठीतून परत सांगायला लागले तर मला अडवून म्हणालास, कळलं की. आपण कुकारा घालायचा, पण पल्याडच्या घरात ऐकणारं माणूसच न्हाई.

मग तू विचारलंस, हात-पाय तर वाढतायत, ते कुणाचं ऐकून? मॅडमना तो प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, गाठीचं संप्रेरक रक्तातून यकृताशी जातं आणि यकृत वाढीचा घटक रक्तात सोडतं. हाडं, कातडी, जीभ, काळीज, या सगळ्यांवर त्या घटकाचे ग्राही भरपूर असतात. ते ऐकतात आणि वाढतात. काळीजही वाढतं का, असं मी विचारलं. हो म्हणाल्या. तुमच्या अण्णांचं वाढलंय. भिंत जाड झालीय.

बाहेर बाकावर बसून तू बराच वेळ आपले हात बघत होतास. मग म्हणालास, "वाढ म्हणणाऱ्याचं सगळं आंग ऐकतंय, शेवंते. थांब म्हणणाऱ्याचं कुणीच न्हाई." आणि लगेच हसलास, मला बरं वाटावं म्हणून. मला अजिबात बरं वाटलं नाही. मी बॅगेतून चिवडा काढून तुझ्या हातात दिला.

सहा महिने आपण इंजेक्शन घेतलं. बर्फाच्या डब्यात घालून, रेल्वेनं, मांडीवर धरून. डबा गरम होऊ नये म्हणून तू त्यावर आपला टॉवेल ओला करून टाकायचास आणि गाडीतल्या लोकांना सांगायचास की आत मासे आहेत. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, वाढीच्या घटकाचा आकडा होता तिथंच होता. मग गोळ्या दिल्या, दुसऱ्या ग्राहीवर चालणाऱ्या. आकडा थोडा उतरला आणि थांबला. तिथून पुढं आपलं भांडण सुरू झालं.

मॅडम म्हणाल्या, आणखी एक ऑपरेशन, मग किरणं. तू म्हणालास, होऊ दे सावकाश. तुझं म्हणणं असं की ऐकत नाही असं जगात काही नसतं, हाक मारणाऱ्याचा जीव कमी पडतो. आणखी थोडी इंजेक्शनं घेऊ. मी फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी तुला समजवायची की ग्राहीच नसेल तर हाक कितीही मोठी घाला, उपयोग शून्य. तू म्हणायचास, आई तुला हाक मारायची तवा तू तरी कुठं ऐकायचीस, कान व्हते की. हे भांडण आपण रेल्वेत केलं, जीपमध्ये केलं, शेणी थापताना केलं. त्यात मी एकदाही जिंकले नाही. तू मला हसवायचास आणि हसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही.

शेवटच्या वेळी मात्र हसले नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि तू ती पुढे ढकललीस, लावणी झाल्यावर जातो म्हणून. मी अंगणात उभी राहून म्हटलं, "तू पण तुझ्या गाठीसारखाच आहेस. थांब म्हटलेलं ऐकायचंच नाही." आणि जोयड्याची जीप पकडली. मागून तू कुकारा घातलास. तुझ्या त्या जाड आवाजात, दोनदा. आपल्यात कुकाऱ्याला उत्तर द्यायचंच असतं, वैऱ्याच्यासुद्धा. मी ऐकला, अण्णा. मला कान होते. मी उत्तर दिलं नाही. आठव्या दिवशी वैनीचा फोन आला.

काळीज थांबलं म्हणाले. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर वाचला असतास का, मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं कुणालाच सांगता येणार नाही. मला कुणीतरी सांगावं असं फार वाटतं. दोष माझा असेल तर तसं सांगावं, म्हणजे मी एका जागी बसून तो वाहीन.

तुझ्याबरोबर चितेवर तुझी तिसरी काठी दिली, हात आणखी वाढल्यावर कापलेली, आणि दुसरीही दिली. पहिली राहिली. ती माळ्यावर आहे हे मला एकटीलाच ठाऊक, असं मला वाटत होतं. बारा दिवस मी त्या माळ्याखालून जाताना वर बघितलं नाही. तुझं एक माप मी तुझ्यापासून तोडून ठेवलंय आणि त्यावाचून तू अर्धाच गेलास, असं काहीबाही मनात यायचं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या मनात काय काय येतं ते मुलांना कळलं तर शाळा बंद पडेल.

आज सकाळी पाहुणे गेल्यावर वैनी म्हणाली, बियाण्याला कोंब आलेत, लावणी थांबायची नाही, नवी काठी कापायला पाहिजे. बुधो मामाला बोलावणं गेलं. काठी कापायच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसेल म्हणून मी माळ्यावर चढले. जुनी काठी घ्यायची, पदराखाली धरायची आणि नदीला सोडून यायची, एवढंच ठरवलं होतं.

फुटक्या टोपल्यांच्या मागे ती होती. पण मी ठेवली तशी नव्हती. तिच्यावर धूळ नव्हती. एका अंगाला तापल्या सळईनं काढलेलं "दि", दुसऱ्या अंगाला "शे". आणि दोन्ही अंगांना चाकूच्या खाचा.

मी तिथंच टोपल्यांत बसले. मला आठवायला लागलं. ऑपरेशन झाल्यापासून, चवथीला आले, शिगम्याला आले, अशीच रविवारी आले, तू म्हणायचास, ये टीचरबाई, हात दाव, बघू तुझी वीत केवढी. फळ्यावर लिहून हात झिजला का बघू. माझा हात आपल्या त्या मोठ्या पंज्याशेजारी पडवीच्या पाटावर पसरायचास, आपल्या बोटांनी मापायचास आणि चिडवायचास. सात-आठ वेळा तरी. मी हात ओढून घ्यायची, कारण मला ते शेजारी ठेवलेले हात बघवत नसत. मला वाटायचं तू खेळतोयस.

मॅडमनी आपल्या दोघांनाच सांगितलं होतं. ही गाठ बहुतेकदा घरात चालत येत नाही, पण इतक्या तरुणपणी सुरू झालेली आणि औषधाला न ऐकणारी असेल तर रक्ताच्या माणसांवर लक्ष ठेवा, विशेषतः लहानांवर. बाहेर आल्यावर तू म्हणालास, वैनीला यातलं बोलू नको. मग आपणही एकमेकांशी बोललो नाही. मी खोलीचं दार लावून रोज आपली अंगठी फिरवून बघायची. फिरली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आणि तू इथं माळ्यावर चढून, गुडघे दुखत असताना, मी चोरून ठेवलेल्या काठीवर माझा हात कोरत होतास.

"शे"च्या अंगाला खाच एकच आहे, अण्णा. सात-आठ वेळा चाकू एकाच जागी चाललाय, ती खाच पार आतपर्यंत गेलीय. माझा हात वाढलेला नाही. माझ्याआधी तुला ते माहीत होतं आणि तेवढ्यापुरता तू सुखात होतास, असं मी धरून चाललेय. मी त्या खाचेत नख घातलं आणि मोठ्यानं रडले. आई गेल्यानंतर कुणी माझा हात इतक्या वेळा बघितला नव्हता.

मग काठी फिरवून "दि"चं अंग बघितलं.

त्या अंगाला खाचा चढत गेल्यात. तेरा वर्षांची पोर, चढणारच. वाढणं हेच तिचं काम आहे. पण शेवटच्या दोन खाचांमधलं अंतर आधीच्या सगळ्या अंतरांपेक्षा जास्त आहे. चाकूही तिथं थांबत थांबत चाललाय, कड वाकडी आलीय. दिव्या वर्गात सगळ्यांत उंच आहे आणि तिला त्याचा अभिमान आहे. या चैत्रात तिच्या चपला दोनदा बदलल्या, वैनी सगळ्यांना कौतुकानं सांगते. वाढत्या अंगाची वाढ कुठली आणि ती दुसरी कुठली, हे खाचेवरून कळत नाही. ते रक्तातूनच कळतं. मला ते पुस्तकातून माहीत आहे.

खालून वैनीनं हाक मारली. मी काठी पदराखाली न धरता हातात धरून उतरले.

अंगणात चिवाचा नवा बांबू पडला होता. घरधनी आता कोण, तर दिव्या, असं वैनीनं आणि मामानं ठरवलं होतं. दिव्या माझ्या हातातली काठी बघून म्हणाली, आत्ती, ही अण्णांची का? मामानं डोळे बारीक करून ती ओळखली. ही तर बारक्या धन्याची पयली काठी, म्हणाला, बरं झालं सापडली, हिच्यावरच पोरीचा हात टाकून बघूया किती उणा पडतो.

दिव्यानं गुडघ्यावर बसून हात टाकला. एक. दोन. तीन. तिची करंगळी काठीच्या टोकाशी येऊन टेकली. उणी पडली ती फक्त नखभर. तेवीस वर्षांच्या तुझ्या हाताचं माप, तेरा वर्षांच्या तिच्या हाताला. दिव्या वर बघून हसली, अगदी तीन वर्षांची असताना हसली होती तशी.

वैनी कौतुकानं मामाकडे वळली. मामा म्हातारा झालाय, त्याला आता स्वतःचं बोलणंही आठवत नाही. तो अंगणाच्या बांधावर टेकून म्हणाला, "पोरीचा हात येवढा कसला आलाय. काठी वाळलीय."

अण्णा, मला वाटलं होतं माझी वाचा जाईल. गव्यापुढे गेली होती तशी.

"काठी लांबीत वाळत न्हाई, मामा," मी म्हटलं. "तवाबी वाळली न्हवती."

मग मी वैनीला सगळं सांगितलं, दिव्याच्या समोरच, गाठीचं नाव घेऊन, रक्ताचं, पहिल्या काठीचं, माझं गप्प बसणं. ती उभी होती ती खाली बसली, आणि मी तिच्याशेजारी बसले. सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी शहरात जातोय. काठी बरोबर नेतेय. मॅडमनी विचारलं कधीपासून, तर या वेळी सांगायला आहे.

लावणीची काठी दिव्यानं आपल्या हाताच्या मापानं कापली आणि चार ओळी लावून झाल्या. आता ती ओढ्यापलीकडे गुरं आणायला गेलीय आणि तिकडून कुकारा घालतेय. मी लिहायचं थांबवते, अण्णा. तिला उत्तर द्यायचंय.